भाताच्या गावात दोन वर्षं भाताविना

गेल्या महिन्यात बेळगावच्या उद्यमबागेत चहाच्या टपरीवर एकानं मला गाठलं. पुतण्याला फिट येतात, तीन औषधं चालू आहेत, आणि कुणीतरी सांगितलंय की पोटातले जंतू सुधारले की फिट थांबतात. "तुमच्या पोरीला तेच केलासा न्हवं?" मला धड हो म्हणता येईना, धड नाही म्हणता येईना. चहा गार होईपर्यंत बोललो तरी अर्धंच झालं. उरलेलं इथं लिहितो.

मी डॉक्टर नाही. एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, दिवसभर हातात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर. घर येळ्ळूरला. थोडी भातशेती आहे, ती आईबाबा बघतात. लेकीचं नाव लिहीत नाही, घरात तिला सगळे 'बाय' म्हणतात.

पहिली फिट आली ४ सप्टेंबर २०२२ ला, गौरीपूजनाच्या संध्याकाळी. बाय तेव्हा चार वर्षांची. बायकांच्या फुगड्या चालल्या होत्या, ती बाजूला बसून टाळ्या वाजवत होती. एकदम ताठ झाली, डोळे वर गेले, तोंडाला फेस. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी हातात किल्ली कोंबली, शेजारच्या काकांनी दातखीळ उघडायला चमचा आणला. सगळ्यांची माया खरी, पण सगळंच चुकीचं. पुढं डॉक्टरांनी शिकवलं ते असं: पोराला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घट्ट धरून ठेवायचं नाही, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. शिवाय घरातल्या एकानं तरी मोबाईलवर व्हिडिओ काढायचा. लाज वाटते, पोर तडफडतंय आणि आपण शूटिंग करतोय असं वाटतं. पण आमचं निदान शेवटी झालं ते अशाच एका व्हिडिओवरून.

त्या दिवशीची फिट दीड-दोन मिनिटांचीच होती. बायकोला अजून ती अर्ध्या तासाची वाटते.

पुढचं वर्ष भराभर सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आणि भोगण्यासारखं फार. बेळगावात ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी झाली, एमआरआय झाला. आपल्याकडं पोराला पहिली फिट आली की मेंदूत टेपवर्मची गाठ आहे का ते बघतातच, ती नव्हती. एमआरआय स्वच्छ. व्हॅलप्रोएट हे फिटचं औषध सुरू झालं. ऑक्टोबरात नवंच सुरू झालं: बाय मान टाकायला लागली. जेवता जेवता कपाळ ताटावर आपटायचं, उभी असली तर पाय कापल्यासारखी खाली. क्षणभरच, लगेच उठून बसायची आणि आपण का रडतोय ते तिलाच कळायचं नाही. हनुवटीला दोनदा टाके पडले. मग सायकलवाल्या पोरांचं हेल्मेट आणलं, गुलाबी. गल्लीत पोरं तिला 'पायलट' म्हणायची.

जानेवारी २०२३ मध्ये लेव्हेटिरासिटॅम जोडलं, पोर चिडचिडी झाली. एप्रिलमध्ये क्लोबाझम जोडलं, पोर झोपाळू झाली. मान टाकणं चालूच. मी कंपनीतल्यासारखी वही केली: तारीख, वेळ, मोठी की छोटी, झोप किती, ताप होता का. जूनमध्ये एका दिवसात बावीसपर्यंत आकडा गेला. मधल्या काळात आई सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आली, भंडारा कपाळाला लावला. मी अडवलं नाही. औषध बंद करायचं नाही एवढंच म्हटलं, आणि आईनं ते पाळलं.

आता माझी चूक. जुलैमध्ये रात्री दोन वाजता मोबाईलवर एक व्हिडिओ लागला: पोट हाच दुसरा मेंदू, पोटातले चांगले जीवाणू वाढवा, फिट जातील. खाली पावडरची जाहिरात. दोन महिन्यांचे ४,२०० रुपये. मी मागवली. डॉक्टरांना सांगितलं नाही, हे जास्त वाईट. पावडरीनं काही अपाय झाला नाही, पोट जरा फुगायचं तेवढंच, पण वहीतला आकडाही हलला नाही. ऑगस्टच्या तपासणीला बायकोनं डॉक्टरांपुढं डबा काढून ठेवला. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी डबा उलटून मागची यादी वाचली आणि म्हणाले, "तुम्ही दार बरोबर ठोठावलंय, घर चुकलंय."

त्या दिवशी त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, दोन योग्य औषधं पुरेशा डोसात देऊनही फिट थांबल्या नाहीत तर त्याला औषधाला दाद न देणारी एपिलेप्सी म्हणतात. साधारण तीनातल्या एका रुग्णाचं असं होतं, आणि मग तिसरं-चौथं औषध लागू पडायची शक्यता बरीच कमी होते. दोन, व्हिडिओ आणि ईईजी बघून त्यांना बायचा प्रकार मायोक्लोनिक-अॅटॉनिक, म्हणजे झटका बसून अंग एकदम ढिलं पडणं, असा वाटत होता, जुनं नाव डूझ सिंड्रोम. तीन, या प्रकारात एक आहार चांगला लागू पडतो: केटोजेनिक.

मला केटो म्हणजे वजन कमी करायचं फॅड एवढंच ठाऊक. डॉक्टर म्हणाले, ते फॅड कालचं, हा उपचार १९२१ चा. उपाशी ठेवलं की फिट कमी होतात हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत होतं. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये सुचवलं की उपाशी न ठेवता, जवळजवळ सगळी चरबीच खायला घातली तर शरीराला उपासच वाटेल. यकृत चरबीपासून कीटोन बनवतं, मेंदू साखरेऐवजी त्यावर चालतो. नंतर गोळ्या आल्या आणि आहार मागं पडला. २००८ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी १४५ मुलांवर रीतसर चाचणी छापली. तीन महिन्यांनी आहारावरच्या ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या होत्या, आहार न घेणाऱ्यांत तेवढी घट फक्त ६ टक्क्यांना. म्हणजे शंभरातल्या बासष्टांना तेवढा फायदा नाहीच. हा आकडा डॉक्टरांनी आधीच सांगितला हे बरं केलं.

"मग जीवाणूंचं काय?" मी विचारलंच. म्हणाले, ते नंतर बोलू, आधी पोर सुरू होऊ दे.

बेळगावात हा आहार नीट बसवून देणारा आहारतज्ज्ञ आम्हाला मिळाला नाही, म्हणून बेंगळूर. २२ ऑगस्टला फोन केला, ९ ऑक्टोबरची तारीख मिळाली. मधल्या काळात कागद.

तेव्हा पगार २१,००० रुपयांच्या वर गेला की ईएसआय, म्हणजे कामगार विमा, सुटायचा. मला दीड हजाराची वाढ मिळाली आणि नेमका मी त्या रेषेच्या पलीकडं. आयुष्यात एकदाच वाढीचा पश्चात्ताप झाला. मग सरकारी आरोग्य योजनेसाठी धावपळ. त्यात ठरवून करायच्या अॅडमिशनला सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. पत्रासाठी रेशनकार्ड, रेशनकार्डावर लेकीचं नाव. नाव होतं, पण कन्नडात एका पद्धतीनं, आधारवर इंग्रजीत दुसऱ्या पद्धतीनं, आणि जन्मदाखल्यावर आमचं आडनावच नाही. इथल्या मराठी घरांत हे नवीन नाही. आपलं नाव एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाताना वाटेत एखादं अक्षर गळतंच. तीन खेपा, तीन अर्ध्या रजा. आधार दुरुस्त झालं, रेशनकार्डाचं राहिलं, तोवर तारीख आली आणि मी पैसे भरून मोकळा झालो. तुम्ही हे करणार असाल तर निदान व्हायची वाट बघू नका, पोराचे तिन्ही कागद आजच शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले योजना लागू करायचं ठरवलं, त्याचीही चौकशी केली होती. आमची धाव बेंगळूरकडं, त्यामुळं उपयोग झाला नाही. कोल्हापूर-मिरजेकडं जाणाऱ्यांनी मात्र विचारून बघावं.

८ ऑक्टोबरला रात्रीच्या गाडीनं निघालो. वरच्या बर्थवरून पडेल म्हणून बाय बायकोच्या कुशीत, मी पायथ्याशी. पहिल्या भेटीत आहार सुरू होत नाही, आधी तपासण्या. काही पोरांना जन्मतःच चरबी जाळता येत नाही, त्यांना हा आहार दिला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून रक्त, लघवी, यकृत, चरबी, मुतखड्यासाठी सोनोग्राफी. सगळे मिळून ११,६०० रुपये आणि अहवालाला तीन आठवडे. घरीच यूट्यूब बघून केटो सुरू करणारे आईबाप मला भेटलेत. हात जोडून सांगतो, करू नका.

अॅडमिशन आम्ही मागून घेतलं दिवाळीनंतरचं, २७ नोव्हेंबर २०२३, सोमवार. शेवटचा भात तिनं आदल्या दिवशी दुपारी घरी खाल्ला, आमटी-भात, ताट चाटून. आईनं पदर डोळ्याला लावला. आमच्या शिवारातला बासमती वाफाळला की वास गल्लीच्या टोकाला जातो, आणि आता या घरातल्या पोरीला भात नाही.

दवाखान्यातले पाच दिवस. आहारतज्ज्ञ बाई मूळच्या मैसूरकडच्या, माझं कन्नड बाजारापुरतं, त्यांचं मराठी शून्य. 'अन्न बेड', म्हणजे भात नको, एवढं पहिल्या तासात समजलं. त्यांनी कागदावर आकडे मांडले आणि तिथं मात्र भाषेची अडचण संपली. चारास एक. चार ग्रॅम चरबीला एक ग्रॅम बाकी सगळं, म्हणजे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून. बायला दिवसाला १,००० कॅलरी. त्याचे होतात १०० ग्रॅम चरबी आणि २५ ग्रॅम बाकी. त्यातले १६ ग्रॅम प्रथिनांना द्यायचे, उरले ९. दिवसभराचं पीठ, साखर, फळ, भाजी, दूध सगळं त्या नऊ ग्रॅमात. एका वाटी भातात पंचवीस-तीस ग्रॅम असतात. म्हणजे तीन दिवसांचा कोटा एका वाटीत. बाई म्हणाल्या, एक ग्रॅमही इकडंतिकडं चालणार नाही. मी म्हटलं, मॅडम, मी रोज मायक्रॉनमध्ये भांडतो, ग्रॅमचं मला सांगू नका. त्या पहिल्यांदाच हसल्या.

पूर्वी सुरुवातीला उपाशी ठेवायचे, आमच्याकडं तसं केलं नाही. एकास एकपासून रोज थोडं चढवत नेलं. दर सहा तासांनी बोट टोचून साखर. दुसऱ्या रात्री बाय उलट्या करायला लागली, हाताला लागेना, साखर ५२. नर्सनं मोजून ३० मिलि संत्र्याचा रस पाजला, अर्ध्या तासात पोर उठून बसली. ही रात्र घरी काढायची नसते, म्हणून अॅडमिशन. लघवीत बुडवायची पट्टी पहिल्या दिवशी फिकट, तिसऱ्याला गुलाबी, चौथ्याला गडद जांभळी. जांभळी म्हणजे कीटोन भरपूर. बायला त्या पट्टीचा नादच लागला, पुढं दोन वर्षं रंग बघून तीच ओरडायची, "बाबा, वांगी कलर!"

आणखी एक, जे आम्हाला कधीच सुचलं नसतं: औषधांत साखर असते. सगळी सिरपं बंद करून गोळ्या दिल्या. तापाचं सिरप, खोकल्याचं सिरप, तेही बंद. डिस्चार्जच्या वेळी त्यांनी एक कागद दिला, कुठल्याही डॉक्टरला दाखवायचा: हे मूल केटोजेनिक आहारावर आहे, साखरेचं औषध आणि ग्लुकोजचं सलाईन विनाकारण देऊ नये. त्याच्या पाच झेरॉक्स काढा. घरात, शाळेत, पाकिटात, बायकोच्या पर्समध्ये, एक आजीकडं.

पाच दिवसांचं बिल ३४,००० च्या आसपास. पुढचा खर्च दर महिन्याचा: एमसीटी तेल (ज्यापासून कीटोन लवकर बनतात ते), पट्ट्या, बदाम, पनीर, व्हिटॅमिन आणि कॅल्शियमच्या साखर नसलेल्या गोळ्या, मिळून साडेपाच ते सहा हजार. लोणी आणि तूप घरचं, म्हशीला साष्टांग नमस्कार. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा ९५० रुपयांना आणला. एकच आणू नका, दोन आणा. आमचा एक रविवारी बंद पडला आणि दुसरा मिळेपर्यंत मी सोनाराकडं लोणी घेऊन उभा होतो.

स्वयंपाकघरातले पहिले सहा आठवडे संसाराची कसोटी होती. बाईंनी दिलेला तक्ता त्यांच्या भागातला, आम्ही तो आपल्या चवीवर आणला. अंड्याच्या बलकात लोणी फेटून केलेलं धिरडं. बदामाच्या पिठाची टीचभर भाकरी, ती तुटते, म्हणून अंडं घालून थापायची. दोडका खोबरेल तेलात, वर ओल्या खोबऱ्याचा कीस, मोजून. ताटातलं तेलही पुसून खायला लावायचं, कारण ताटाला राहिलं तर गुणोत्तर चुकलं. आईला हे पटत नव्हतं. "पोरीला घासभर भात देईना, आणि लोण्याचा गोळा चाटवतोय, कसला रे हा डॉक्टर!" तिला वाटायचं मी पोरीला उपाशी मारतोय. जानेवारीत तिनं लपून मूठभर चिरमुरे दिले, पट्टी फिकी पडली, बायनं दुसऱ्या दिवशी चारदा मान टाकली. मी काही बोललो नाही. वही तिच्यापुढं ठेवली. आईला वाचता येतं. त्यानंतर ती माझ्यापेक्षा कडक झाली, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या हातातले तिळगूळ पोरीपर्यंत पोहोचू द्यायची नाही.

लग्नकार्यं जड गेली. फेब्रुवारीत चुलत बहिणीच्या लग्नात पंगतीला मांडे होते. बेळगावच्या लग्नात मांडे आणि पोरीच्या ताटात डब्यातलं धिरडं. तिनं विचारलं, मांडा कसा लागतो गं आई? बायकोनं सांगितलं: कागदासारखा, आत साखर, तोंडात घातला की विरतो. बायनं डोळे मिटून तोंड हलवलं. मनात मांडे खाणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

फरक कधी पडला? पहिले तीन आठवडे काही नाही. मी रोज रात्री सोडून द्यायच्या विचारात. बाईंनी अॅडमिशनलाच बजावलं होतं, तीन महिने झाल्याशिवाय निकाल नाही. १९ डिसेंबरला वहीत बाराच नोंदी. फेब्रुवारी अखेरीस दिवसाला दोन-तीन. पाडव्याच्या सुमारास कोरी पानं दिसायला लागली. कोऱ्या पानावर काय लिहावं कळेना, म्हणून मी तारीख टाकून रेघ मारायचो. मेमध्ये हेल्मेट खुंटीला.

आणि मग जुलै २०२४. पावसाळा, शाळा सुरू, बायचा कान फुटला. ताप १०२. गावातल्या दवाखान्यात मी नव्हतो, बायको नव्हती, आजोबा घेऊन गेले. झेरॉक्स आजीकडं होती, आजोबांकडं नव्हती. अँटिबायोटिकचं गोड सिरप, तापाचं गोड सिरप. मला संध्याकाळी कळलं तोवर तीन डोस गेले होते. त्या रात्री सात झटके, दुसऱ्या दिवशी अकरा, एक मोठी फिट चार मिनिटांची. खुंटीवरचं हेल्मेट खाली आलं.

सिरप बदलून गोळी केली, दोन दिवसांत पट्टी पुन्हा जांभळी. पण झटके पूर्ण थांबायला पाच आठवडे लागले. कीटोन परत आले तरी फिट का थांबेनात? रात्री वाचताना मला तेच दार पुन्हा दिसलं, पोटातल्या जीवाणूंचं.

२०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या एलेन शाओ यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांवर काम छापलं होतं. केटो आहार दिलेल्या उंदरांना फिट सहज येईना. पण ज्या उंदरांच्या आतड्यात जीवाणूच नव्हते, किंवा अँटिबायोटिकनं मारून टाकले होते, त्यांना तोच आहार देऊनही संरक्षण मिळेना. आहारानं दोन जीवाणू विशेष वाढत होते, अॅकरमॅन्सिया आणि पॅराबॅक्टेरॉइड्स. ते दोघं मिळून परत घातले की संरक्षण परत. एकट्यानं भागत नव्हतं, जोडी लागायची. रक्तातली ठरावीक अमिनो आम्लं त्यामुळं कमी व्हायची आणि मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात गाबा, म्हणजे मेंदूला आवर घालणारं रसायन, मेंदूला चेतवणाऱ्या ग्लुटामेटच्या मानानं वाढायचं. २०२३ मध्ये त्याच प्रयोगशाळेनं आमच्यासारख्याच मुलांची विष्ठा घेतली, आहाराआधीची आणि महिनाभरानंतरची, आणि ती उंदरांच्या आतड्यात रुजवली. 'नंतरची' मिळालेल्या उंदरांना फिट येणं अवघड झालं.

रात्री एकला मी बायकोला उठवून सांगितलं, अँटिबायोटिकनं जीवाणू मेले म्हणून फिट आल्या! ती म्हणाली, झोपा.

पुढच्या व्हिडिओ कॉलवर बेंगळूरच्या डॉक्टरांना हेच विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, त्या दिवशी ताप किती होता? १०२. ताप एकटाच फिट आणू शकतो. सिरपात साखर होती? होती. तीही आणू शकते. पोर झोपली होती? नाही. "चार संशयित घरात असताना तुम्ही एकालाच पकडताय." अँटिबायोटिकचाही हात असेल, नाकारत नाही, पण एका पोराच्या एका आठवड्यावरून ते सिद्ध होत नाही. आणि कान फुटला असताना अँटिबायोटिक टाळायचं नाही, बहिरेपण आलं तर? तुमच्या हातात साखर होती, झेरॉक्स होती. मान खाली घालावी लागली. क्वालिटीत आम्ही नेमकं हेच शिकवतो, की एक जॉब रिजेक्ट झाला तर चार कारणं तपासल्याशिवाय मशीनवर खापर फोडायचं नाही.

मी माझ्या ४,२०० च्या डब्याचा विषय काढला. ते म्हणाले, यादी वाचा. लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडो. उंदरांतली ती जोडी त्यात कुठं आहे? शिवाय २०१९ मध्ये स्वीडनमधल्या १२ मुलांचा अभ्यास झाला, केटोवर तीन महिने काढल्यावर त्यांच्या पोटातले बायफिडो उलट कमी झाले होते. म्हणजे जे कमी होत होतं तेच तुम्ही विकत घेऊन घालत होता. आज बायच्या पोटातले जीवाणू बदललेत ते लोण्यानं, डब्यानं नाही. उद्या कदाचित त्या जोडीचं औषध निघेल, तेव्हा आम्हीच लिहून देऊ.

टपरीवरच्या माणसाला मला हेच सांगायचं होतं. पोट आणि फिट यांचा संबंध आहे, ती अफवा नाही. पण त्या संबंधाकडं जायचा जो रस्ता आज डॉक्टरांच्या देखरेखीखाली खुला आहे, तो काट्यावरून जातो.

पुढचं सोपं नव्हतं पण सरळ होतं. बद्धकोष्ठ दोन्ही वर्षं राहिलं, पाणी मोजून पाजायला लागायचं. मुतखडा होऊ नये म्हणून पोटॅशियम सायट्रेट. दर तीन महिन्यांनी रक्त. कोलेस्टेरॉल एकदा चढलं, लोण्याची काही जागा शेंगतेलाला दिली, उतरलं. उंची वर्गातल्या पोरींपेक्षा मागं पडली, ती अजून भरून निघायची आहे. शाळेच्या बाईंनी वाढदिवसाची चॉकलेटं बायच्या हातानं वाटायला लावली, म्हणजे तिचा हात रिकामा राहू नये. कुणी सुचवलं नव्हतं त्यांना. शेवटचा झटका २३ ऑगस्ट २०२४. क्लोबाझम २०२५ च्या उन्हाळ्यात बंद झालं, नंतर लेव्हेटिरासिटॅम. व्हॅलप्रोएट अजून चालू आहे.

दोन वर्षं पुरी झाल्यावर, डिसेंबर २०२५ मध्ये ईईजी केला, २,२०० रुपये. डॉक्टर म्हणाले, उतरवू या. चारास एकवरून तीनास एक, मग दोनास एक, दर टप्प्याला तीन-चार आठवडे. चढताना घाबरलो नव्हतो तेवढा उतरताना घाबरलो. रोज रात्री उठून तिच्या हातपायांकडं बघत बसायचो. पट्टी फिकी, आणखी फिकी, मग पांढरी. बाय नाराज झाली, वांगी कलर गेला म्हणून.

१९ मार्चला पाडवा होता. आईनं पहाटेच आंबेमोहोर नाही, इंद्रायणी नाही, आमच्याच शेतातला जपून ठेवलेला बासमती काढला. गुढी उभारली, नैवेद्य झाला. आईनं बायच्या ताटात भाताची मूद टाकली, वर वरण, वर तूप, आणि सगळे नुसते बघत उभे. बाय उठली, आत गेली. आम्हाला वाटलं रुसली.

ती काटा घेऊन आली. ताट त्यावर ठेवलं, शून्य केलं नव्हतं म्हणून मलाच रागावली, आणि विचारलं, "बाबा, किती ग्रॅमला थांबायचं?"